अरुंद फळ्यांपासून रुंद पाट : काष्ठकामाचा पहिला पाठ

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे येमाई देवीच्या नावाने ओळखले जाणारे गाव. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे या भागात पाऊस बेताचाच पडतो आणि उन्हाळा कडक असतो. शिवारात बाभूळ व कडुनिंब दिसतात. परंतु ज्याच्या बुंध्यातून हात-दीड हात रुंदीची अखंड फळी निघावी असा वृक्ष विरळाच. अशा गावातील शाळेत मुलांकडून एखादा पाट, बैठे मेज अथवा पुस्तकांचे कपाट करून घ्यावयाचे झाल्यास पहिलीच अडचण उभी राहते ती रुंद फळीची. तीवर उपाय एकच : अरुंद फळ्या कडेला कड लावून जोडावयाच्या व त्यांचा एक रुंद तक्ता तयार करावयाचा. सुतारकामातील ही क्रिया दिसावयास सोपी आहे. तथापि ती शास्त्र समजून न केल्यास दोन-तीन ऋतूंतच तक्ता वाकतो, सांधे उकलतात किंवा मधोमध उभी भेग पडते. आणि ज्या मुलाने तो मन लावून केला त्याचा स्वतःच्या हातांवरील विश्वास त्या भेगेबरोबरच तडकतो. यास्तव या क्रियेची कारणमीमांसा व कृती येथे क्रमाने दिली आहे.

शालेय शिक्षणात काष्ठकामाचे स्थान

हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्रास नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मूलोद्योगी शिक्षणाची जी योजना आखली, तीत सूतकताई व शेती यांच्या जोडीला सुतारकामही होते. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातीलच पाबळ येथे विज्ञान आश्रमाची स्थापना केली. शाळेतील मुलांनी हाताने काम करावे, गावाच्या उपयोगी पडेल असे काही निर्माण करावे आणि त्या कामातूनच विज्ञान व गणित शिकावे, हे त्या प्रयोगाचे सूत्र होय. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना शाळेत यावे व सुतार, माळी, कुंभार यांच्यासारख्या स्थानिक कारागिरांकडून काम शिकावे, असे सुचविले आहे.

बलुतेदारीच्या काळात नांगर, कुळव, पाभर व बैलगाडी यांची घडण आणि दुरुस्ती गावच्या सुताराकडे असे. लोखंडी अवजारे व पुढे ट्रॅक्टर आल्यावर ते काम कमी झाले आणि त्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही अबोल झाले. ते ज्ञान शाळेच्या ओसरीवर पुन्हा बोलते व्हावे, यासाठी पाटासारखी लहान वस्तू फार सोयीची आहे. पाट प्रत्येक घरी माहीत असतो. त्याला फारशी हत्यारे लागत नाहीत, आणि त्याचे गुणदोष बसताक्षणीच कळतात.

लाकूड श्वास घेते

लाकूड हे सूक्ष्म नळ्यांच्या जुडीसारखे असते. झाड तोडल्यावर नळ्यांच्या पोकळीतील पाणी प्रथम निघून जाते; त्याने आकारमानात विशेष फरक पडत नाही. नंतर नळ्यांच्या भिंतींत मुरलेले पाणी जाऊ लागते. लाकडातील पाण्याचे प्रमाण त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आले, की लाकूड आकसू लागते. पुढे हवेत ओलावा वाढला की ते पुन्हा पाणी शोषते व फुगते. हे आकुंचन-प्रसरण झाड मेल्यावर, फळी कापल्यावर, इतकेच नव्हे तर पाट होऊन वीस वर्षे लोटल्यावरही चालूच राहते.

मात्र हे आकुंचन सर्व दिशांनी सारखे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने ते जवळजवळ नगण्य असते. वार्षिक वलयांच्या त्रिज्येच्या दिशेने ते लक्षात येण्याजोगे असते आणि वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सर्वांत अधिक असते. सागवान हे त्यातल्या त्यात स्थिर लाकूड. तरीही ते ओले असल्यापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे अडीच टक्के व स्पर्शरेषेच्या दिशेने ५ ते ६ टक्के आकसते. म्हणून फळी लांबीत बदलत नाही, रुंदीत बदलते. हे एकच वाक्य विद्यार्थ्यांच्या मनावर ठसले तर पुढील अर्धे काम झाले असे समजावे.

येथे एक सोपे गणित करून घ्यावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असता उघडे लाकूड सुमारे ६ टक्के ओलाव्यावर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्के असता सुमारे १६ टक्क्यांवर. घरातील, तेल दिलेल्या पाटात इतका टोकाचा फरक पडत नाही. तो ६ टक्क्यांचा धरू. ओलावा एक टक्क्याने बदलला की सागवानाची रुंदी स्पर्शरेषेच्या दिशेने साधारण ०.२ टक्के बदलते. म्हणजे ६ टक्क्यांना १.२ टक्के झाले. पाट ३६ सेंटिमीटर रुंद असल्यास एप्रिल व ऑगस्ट यांच्या दरम्यान त्याची रुंदी सुमारे ४ मिलीमीटरांनी बदलेल. हे ४ मिलीमीटर कोणत्याही खिळ्याने अडविता येत नाहीत. त्यांना वाट करून दिली नाही, तर लाकूड आपली वाट स्वतः फोडून काढते. रुंद तक्ते का फुटतात, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

सरसाचा सांधा किती बळकट ?

सरसाने चिकटविलेला सांधा खिळ्यांवाचून टिकणार नाही, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. दोन फळ्यांच्या लांब कडा नीट जुळल्या असतील, तर सरसाचा सांधा भोवतालच्या लाकडाइतका किंवा त्याहूनही अधिक बळकट होतो. जोर दिल्यास लाकूड फाटते, सांधा सुटत नाही. याउलट फळीच्या आडव्या कापलेल्या टोकास सरस लावल्यास नळ्यांची उघडी तोंडे तो आत ओढून घेतात आणि सांधा दुर्बळ राहतो.

हे विद्यार्थ्यांस सांगण्यापेक्षा करून दाखवावे. लाकडाचे टाकाऊ तुकडे घेऊन एक जोडी लांब कडेने व दुसरी टोकाला टोक लावून चिकटवावी. दुसऱ्या दिवशी दोन्ही जोड्या मोडून पाहाव्यात. पहिल्या सांध्यावर फाटलेल्या लाकडाचे तंतू चिकटलेले दिसतील. दुसरा सांधा थोड्याच जोराने स्वच्छ सुटेल. या पाच मिनिटांच्या प्रयोगाने जो बोध होतो तो वर्णनाने होत नाही.

पूर्वी सुतार जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून केलेला सरस वापरीत. तो पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून सुमारे ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागे; उकळल्यास त्याची शक्ती जाई. ऊब व ओल लागली की तो सुटतो. हा त्याचा दोष खरा, पण त्यामुळेच जुन्या वस्तू उकलून दुरुस्त करता येतात. भारतात १९५९ साली फेविकॉल बाजारात आले आणि पांढऱ्या सरसाचा वापर घरोघर रूढ झाला. हा सरस म्हणजे पॉलिव्हिनिल ॲसिटेट या पदार्थाचे पाण्यातील मिश्रण होय. त्यातील पाणी लाकडात व हवेत निघून गेले की तो घट्ट होतो. शाळेसाठी तोच सोयीचा, कारण तापवावा लागत नाही व हात पाण्याने धुता येतात. साधा पांढरा सरस सततच्या पाण्यात मात्र टिकत नाही. म्हणून असा पाट बसण्यास, पूजेस वा लिहिण्यास वापरावा. स्नानास वापरू नये.

लाकडाची निवड

मोडक्या दाराखिडक्यांचे जुने सागवान सर्वांत चांगले. ते पूर्ण वाळलेले असते. त्यातील खिळे मात्र एकूण एक काढावेत, नाहीतर रंध्याचे पाते तुटते. औद्योगिक वसाहतींतून भंगारात येणाऱ्या पेट्यांचे पाइन लाकूडही नवशिक्यास सोयीचे, कारण ते मऊ असते. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पेट्यांवर प्रक्रियेची मोहोर असते. ‘एचटी’ ही अक्षरे असल्यास लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे असे समजावे. ‘एमबी’ ही अक्षरे असल्यास विषारी धुरी दिलेली असते. असे लाकूड मुलांच्या हाती देऊ नये. बाभळीचे लाकूड चाकांना व अवजारांना उत्तम, परंतु ते कठीण असल्याने पहिल्या पाठास घेऊ नये.

लाकूड वाळले की नाही हे ओळखण्यास किराणा दुकानातील वजनकाटा पुरेसा आहे. फळीचा एक तुकडा दर आठवड्यास तोलावा व वजन नोंदवावे. लागोपाठ तीन नोंदी सारख्या आल्या म्हणजे लाकूड भोवतालच्या हवेशी समतोल झाले. तोवर घाई करू नये. सर्व फळ्या वर्गातच, एकीवर एक, मध्ये चिपा ठेवून रचाव्यात, म्हणजे त्यांना चोहोबाजूंनी वारा लागतो.

कृती

एका पाटासाठी ५० सेंटिमीटर लांब, साडेनऊ सेंटिमीटर रुंद व सव्वादोन सेंटिमीटर जाड अशा चार फळ्या घ्याव्यात. तयार पाट ४५ सेंटिमीटर लांब, ३६ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर जाड होईल.

(१) मांडणी. – चारही फळ्या शेजारी शेजारी मांडून त्यांची टोके पाहावीत. टोकावर वार्षिक वलयांच्या कमानी दिसतात. फळी वाळताना या कमानी जणू सरळ होऊ पाहतात. त्यामुळे सालीकडची बाजू खोलगट होते. एका फळीची कमान वर व शेजारच्या फळीची खाली अशी आलटून पालटून मांडणी केल्यास प्रत्येक फळीचा बाक शेजारणीच्या उलट जातो आणि एकंदर तक्ता सपाट राहतो. सर्व कमानी एकाच बाजूस ठेवल्यास संपूर्ण तक्ता एका दिशेने वाकू पाहतो. तेव्हा आडव्या पट्ट्यांवर सारा भार येतो. तंतूंचा उतारही सर्व फळ्यांत एकाच दिशेने असावा, म्हणजे शेवटी रंधा मारताना लाकूड उचकटत नाही. मांडणी मनाजोगती झाली की चारही फळ्यांवरून खडूने एक मोठा त्रिकोण काढावा. पुढे फळ्या कितीही हलल्या तरी त्रिकोण जुळला की मांडणी जुळते.

(२) कड साधणे. – साऱ्या कामाचा प्राण येथे आहे. शेजारी येणाऱ्या दोन फळ्या पुस्तक मिटावे तशा एकमेकींवर मिटाव्यात, जोडावयाच्या दोन्ही कडा वर घेऊन त्या बाकाच्या पकडीत एकत्र आवळाव्यात, आणि लांब रंध्याने दोन्ही कडा एकदम साफ कराव्यात. असे करण्याचे कारण भूमितीत आहे. नवशिक्याचा रंधा किंचित कलतोच. कड ९० अंशांऐवजी एका फळीस ८९ अंश होते. परंतु त्याच वेळी दुसरीस ती ९१ अंश होते. फळ्या उघडून जोडल्या की ८९ व ९१ मिळून १८० होतात व तक्ता सपाट बसतो. चूक नाहीशी होत नाही. तिची दुसऱ्या चुकीशी गाठ पडून दोन्ही निष्फळ होतात. पूरक कोनांचा पाठ शिकविण्यास याहून चांगले साधन मिळणे कठीण.

(३) पारख. – एक फळी दुसरीवर उभी धरून मागून उजेड पाहावा. सांध्यातून उजेडाची रेघ कोठेही दिसू नये. दोन्ही टोके घट्ट टेकून मध्यभागी पातळ कागद जेमतेम सरकेल इतकी फट असल्यास ती चालते, कारण दाबाने ती मिटते. टोकाशी फट असल्यास मात्र ती कदापि चालवून घेऊ नये. लाकूड टोकांकडून आधी वाळते व सांधा तेथूनच उकलू लागतो. फट सरसाने भरून निघेल ही आशा व्यर्थ आहे. सरस जोडतो, भरत नाही. कडा साफ केल्यावर त्याच दिवशी चिकटवाव्यात. सागवानात स्वाभाविक तेल असते; त्याची ताजी कडच सरस चांगला धरते.

(४) कोरडी जुळणी. – सरस लावण्यापूर्वी एकदा सर्व फळ्या तशाच आवळून पाहाव्यात. शिकंजे, पाचरा, कागद, ओले फडके सर्व हाताशी ठेवावे. उन्हाळ्यात पांढरा सरस पाच-दहा मिनिटांतच ओढू लागतो. मग धावपळ उपयोगाची नसते.

(५) चिकटविणे व आवळणे. – दोन्ही कडांवर सरसाचा पातळ व अखंड थर द्यावा. फळ्या जुळवून किंचित पुढेमागे सरकवाव्यात, त्रिकोण पाहावा व आवळाव्यात. लांब शिकंजे असल्यास दोन खालून व एक वरून लावावा, म्हणजे तक्ता धनुष्यासारखा वाकत नाही. शिकंजे नसल्यास जुनी युक्ती कामी येते. एका जाड फळीवर तक्त्याच्या रुंदीपेक्षा थोडे अधिक अंतर ठेवून दोन ठोकळे पक्के करावेत, मध्ये तक्ता ठेवावा, आणि उरलेल्या जागेत उलटसुलट दोन पाचरा समोरासमोर ठोकाव्यात. पाचर पुढे सरकते तसा दाब वाढतो. उताराच्या पृष्ठाचे तत्त्व ते हेच. तक्ता व खालची फळी यांमध्ये कागद ठेवावा, नाहीतर सर्व एकत्र चिकटेल. सांध्यातून सरसाचे बारीक थेंब सर्वत्र एकसारखे डोकावले म्हणजे दाब योग्य झाला. थेंब मुळीच आले नाहीत तर सरस अपुरा आहे. ओघळ लागले तर तो फाजील आहे.

किमान एक तास दाब ठेवावा व पूर्ण एक दिवस तक्त्यावर कोणतेही काम करू नये. अर्ध्या तासाने थेंब चिकट झाले की ते पटाशीने अलगद खरवडावेत. सांध्यात लाकडी खुंट्या बसविल्यास फळ्या एका पातळीत राहतात. बळकटीसाठी त्यांची गरज नसते.

(६) आडव्या पट्ट्या. – दुसऱ्या दिवशी तक्ता रंध्याने सपाट करून गुण्याने आखावा व मापात कापावा. त्याच्या खाली ३४ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद व ४ सेंटिमीटर उंच अशा दोन पट्ट्या, दोन्ही टोकांपासून ७ सेंटिमीटर आत, आडव्या बसवाव्यात. याच पाटाचे पाय होत. येथेच पुष्कळांची चूक होते : पट्ट्या सरसाने पूर्ण चिकटवून खिळ्यांनी ठोकल्या जातात. पट्टीची लांबी तंतूंच्या दिशेने असल्याने ती बदलत नाही; तक्त्याची रुंदी मात्र बदलते. एक स्थिर व एक चंचल असे दोघे जखडले गेले की फुटतो तो तक्ता.

म्हणून प्रत्येक पट्टीस तीनच स्क्रू द्यावेत. मधल्या स्क्रूचे छिद्र घट्ट असावे. बाजूच्या दोन स्क्रूंची छिद्रे पट्टीच्या लांबीच्या दिशेने, स्क्रूच्या दोन्ही अंगांस दोन-दोन मिलीमीटर मोकळी राहतील अशी लांबट करावीत व त्यांत स्क्रूखाली चकती घालावी. छिद्राचे तोंड खालून दोन सेंटिमीटर खोल रुंद करून ३५ मिलीमीटरांचा स्क्रू वापरल्यास तो वर फुटून निघत नाही. सरस लावावयाचाच तर तो पट्टीच्या मध्यभागी दोन-तीन बोटे एवढाच. असा पाट मध्याशी स्थिर राहून पावसाळ्यात दोन्ही कडांस पसरतो व उन्हाळ्यात सुखाने आकसतो.

(७) अखेरचे काम. – काचकागद तंतूंच्या दिशेने फिरवावा. कडा व कोपरे मुलांच्या मांडीस टोचणार नाहीत इतके गोल करावेत. जवसाच्या तेलाचे दोन हात वर व खाली सारखेच द्यावेत. एकाच बाजूस तेल दिल्यास दुसरी बाजू ओलावा अधिक वेगाने घेते व पाट वाकतो. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघडी पसरून वाळवावीत.

शिक्षकांस सूचना

करवत, रंधा व पटाशी ही हत्यारे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली चालवावीत. लहान मुलांनी मोजणी, आखणी, सरस लावणे, काचकागद फिरविणे व नोंदी ठेवणे ही कामे करावीत. बोथट हत्यार धारदार हत्यारापेक्षा अधिक धोक्याचे असते, कारण त्यावर जोर द्यावा लागतो व ते निसटते. पटाशीपुढे आपला दुसरा हात कधीही येऊ देऊ नये, हा नियम प्रथम दिवशीच घालून द्यावा.

शक्य तेथे गावातील सुतारास या तासांकरिता निमंत्रण द्यावे. त्यांस विद्यार्थ्यांसमोर गुरुजनांच्या मानाने बसवावे आणि त्यांच्या वेळेचा मोबदला शाळेने किंवा शाळा व्यवस्थापन समितीने द्यावा. शिक्षकाने कारण सांगावे व कारागिराने हात दाखवावा. दोन्ही एकत्र आल्यास पाठ पुरा होतो.

उरलेल्या लाकडातून तंतूंना आडवा कापलेला एक तुकडा वर्गाच्या भिंतीवर टांगावा. जून, सप्टेंबर, डिसेंबर व एप्रिल या महिन्यांत त्याची रुंदी मोजून तक्त्यात लिहावी. पाट तर मुलांच्या घरी जाईल. हा तुकडा शाळेत राहील, आणि पुढील वर्षी येणाऱ्या वर्गास, लाकूड निर्जीव झाले तरी निश्चल होत नाही, हे आकड्यांनी सांगत राहील.